सुखरामचा लाल टॅग

१

नळाला पाणी आलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगायला जास्त जड जाईल.

एप्रिलमधला शनिवार होता. शाळा सुटली होती, पण आम्ही काही मुलं जादा तासासाठी थांबलो होतो. भिलाईच्या टाउनशिपमधली आमची शाळा, नाव सांगत नाही. मुलींच्या बाजूचे नळ होळीपासून कोरडे होते. बाटली संपली की तहान मारत बसायचं, आणि बाकीच्या हालांबद्दल न बोललेलं बरं. त्या दुपारी नळ एकदम खोकल्यासारखा आवाज करू लागले. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग स्वच्छ. माझ्या वर्गातल्या प्रवीणने ओंजळभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. गुंजन नळाखाली मान घालून हसत होती.

"मेरे बाबू ने बना दिया," ती म्हणाली.

गुंजनचे वडील सुखराम आमच्या शाळेचे पंप, नळ, दिवे बघायचे. सकाळपासून ते मागच्या पंपघरात मोटर दुरुस्त करत होते. आम्ही पाणी पिऊन, भिजून वर्गात परत गेलो. तास संपला तेव्हा गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. भिंतीवरून पाणी खाली येत होतं, तरी मोटर थांबत नव्हती.

"बाबू बंद क्यों नहीं कर रहे?" गुंजनने विचारलं आणि ती हसायची थांबली.

तेवढ्यात पंपघराकडून भागाबाईची किंकाळी आली. भागाबाई आमच्या शाळेतल्या आया. सुखराम मोटरशेजारी आडवे पडले होते, उजव्या हाताची बोटं काळी पडली होती आणि मोटर घरघरत होती. शाळेचे व्यवस्थापक गुलाबराव धावत गेले, फाटकाजवळचा मेन स्विच पाडला, मग आम्हाला हाकललं. गुंजनला मात्र कोणी हाकलू शकलं नाही.

पोलीस आले, पाहून गेले. पंपघराच्या कोपऱ्यात एक पव्वा सापडला, दारूची छोटी बाटली. संध्याकाळपर्यंत टाउनशिपभर झालं की सुखराम पिऊन तर्र होता, लाइन बंद न करताच त्याने चालू तारेत हात घातला. मेलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल बोलायला सगळ्यांनाच जोर येतो.

घरी आले तेव्हा बाबा न्हाणीत हात धूत होते. माझे बाबा, नरेश, इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रिकलला आहेत. सकाळची ए शिफ्ट संपवून ते त्या दिवशी परस्पर शाळेत गेले होते. "हॉलचा पंखा झाला बा एकदाचा," ते आईला सांगत होते, खुशीत होते. मी सुखरामचं सांगितलं आणि ते तिथेच ओल्या ओट्यावर बसले.

"लाइन न काढता हात घातला? सुखरामनं?"

"पिऊन होता म्हणतात."

बाबांनी ओले हात पँटला पुसले. मग म्हणाले, "दारू लय वाईट गोष्ट आहे, पोरी."

२

आमच्या शाळेत एक समाधान समिती आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली. शाळेतल्या अडचणी मुलांनीच मिळून सोडवायच्या, असं मोठ्या बाईंनी म्हणजे प्राचार्यांनी ठरवलं, आणि मी, प्रवीण, गुंजन असे आम्ही तिघे तिचे मुख्य. सायकल स्टँडचं छप्पर, वर्गातले फुटके दिवे, हॉलमध्ये शॉक देणारा पंखा. नळाचं पाणी हीसुद्धा आमचीच तक्रार होती.

लाल टॅग ही समितीची एकमेव खरी कमाई होती. ती बाबांची कल्पना. प्लांटमध्ये मशिनवर काम करणारा माणूस आधी लाइन तोडतो, मग स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग लटकवतो. तो टॅग दुसऱ्या कोणी काढायचा नाही, साहेबानेसुद्धा नाही. टॅग निघेपर्यंत लाइन चालू होत नाही. भिलाईत बाप प्लांटमध्ये असलेलं प्रत्येक पोर हे जेवणाच्या ताटावर शिकतं. बाबांनी शाळेत येऊन शिकवलं, "ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा." आम्ही जुन्या लाल रेक्झिनच्या पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, दोऱ्या ओवल्या. प्लांटच्या टॅगवर नाव असतं. आमच्या टॅगवर नाव लिहायला कोणी बसलं नाही. शाळेत कोण कोणाचा जीव घेणार आहे, असं तेव्हा वाटलं.

मंगळवारी गुंजन शाळेत आली. डोळे सुजलेले, वेणी कोणीतरी दुसऱ्याने घातलेली. मधल्या सुट्टीत समिती बसते त्या बाकावर येऊन तिने आमच्याकडे पाहिलं.

"समितीकडे अडचण आणली आहे," ती म्हणाली. गुंजन आणि प्रवीण हिंदीत बोलतात. मी त्यांचं बहुतेक मराठीतच सांगते. "सगळे माझ्या बाबूला दारुडा म्हणतात. माझ्या पाठीमागे बाकावर बाटलीचं चित्र काढलंय कोणीतरी. ते पीत नव्हते. ही अडचण सोडवता येत असेल तर सोडवा. नाहीतर मी शाळा सोडते."

प्रवीणने मान खाली घातली. मी म्हणाले, "सोडवू." कसं ते मला ठाऊक नव्हतं, पण त्या क्षणी दुसरं काही बोलताच आलं नसतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिच्यासोबत कुरुदला, तिच्या घरी गेलो. तिची आई मैनाबाई दारातच बसली होती. तिने आम्हाला पाणी दिलं, मग आत जाऊन कापडात गुंडाळलेली एक वस्तू आणून माझ्या हातात ठेवली.

"ये तुंहर स्कूल के आय, बेटी. ओकर कुरता के खीसा मा रिहिस. लौटा देबे." तुमच्या शाळेची वस्तू आहे, त्याच्या खिशात होती, परत कर. मग ती माझा हात धरून म्हणाली, "मोर आदमी दारू नइ पियत रिहिस." माझा नवरा दारू पीत नव्हता.

मी कापड उलगडलं. आत चिनी मातीचा फ्यूज होता, ज्याला आमच्याकडे सगळे किटकॅट म्हणतात. हॉलच्या व्हरांड्यातल्या बोर्डावर शाळेच्या प्रत्येक लाइनची एक खाच आहे आणि तिच्यात किटकॅट बसवलेलं असतं. ते ओढून काढलं की लाइन मेली.

प्रवीण इलेक्ट्रिशियनचा मुलगा नाही, तरी त्याला आधी सुचलं. "पंपाचं किटकॅट यांच्या खिशात होतं," तो हळूच म्हणाला, "तर मग मोटर चालली कशावर?"

३

घरी जेवताना मी हे सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"खिशात होतं? पक्कं?"

"मैनाबाईंनी स्वतः दिलं."

"कोणाले दाखवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, अजून कोणालाच नाही. बाबा ताटावरून उठले. उन्हाने डोकं दुखतंय म्हणाले. आईने ताट झाकून ठेवलं.

गुरुवारी आम्ही चौकशी सुरू केली. पहिले गुलाबराव. त्यांच्या केबिनमध्ये कूलर असतो, त्यामुळे त्यांना उन्हाळा कशाला म्हणतात ते माहीत नाही. प्रवीणने विचारलं, "सर, पंपाच्या खाचेत दुसरं किटकॅट तुम्ही लावलं का?"

"मी?" ते उसळले. "पाणी पायजे होतं, हे खरं. मी सकाळपासून त्याच्या मागं लागलो होतो, हेही खरं. पण शनिवारी मी त्या बोर्डाकडं फिरकलोच नाई. अन् पोट्ट्यांनो, तुमी अभ्यास करा. केस बंद झाली. पिऊन होता तो, बाटली मायासमोर सापडली."

"ती बाटली कुठे आहे?"

"फेकली. तिची काय पूजा करू?"

शाळेचा कचरा आठवड्यातून एकदा उचलतात, आणि तो दिवस अजून आला नव्हता. प्रवीणने कुंपणामागच्या ढिगात हात घातला, नाक दाबून शोधलं आणि पव्वा वर काढला. तळाशी थोडंसं काहीतरी उरलं होतं. त्याने हुंगून बाटली गुंजनकडे दिली. गुंजनने हुंगली आणि ती तिथेच, त्या घाणीत, खाली बसून रडली.

रॉकेल होतं. गंजलेले नटबोल्ट सैल करायला तिचे वडील नेहमी रॉकेल ठेवायचे. ते पव्व्यात ठेवायचे, कारण पव्वे रस्त्यावर फुकट सापडतात. एकानेही ती बाटली उघडून नाकाला लावली नव्हती, आणि गावभर दारू केली. माझा इतका संताप झाला की मी बाटली घेऊन तशीच गुलाबरावांच्या केबिनकडे निघाले होते. प्रवीणने अडवलं. "आधी किटकॅट," तो म्हणाला.

मग भागाबाई. हॉलच्या व्हरांड्यात, बोर्डाच्या बाजूलाच त्यांची झाडूची खोली आहे. त्या वर्ध्याकडच्या, आमच्या आईशी गप्पा मारणाऱ्या.

"शनिवारी बोर्डापाशी कोणाला पाहिलं का, मावशी?"

भागाबाईंनी झाडू ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या प्रवीणकडे.

"पाह्यलं नं," त्या म्हणाल्या. "पाणी यायच्या आधी. हाच होता. मले कावून विचारता, याले विचारा."

४

प्रवीणचं तोंड पांढरं पडलं. गुंजन त्याच्यापासून एक पाऊल मागे सरकली. लहानपणापासून डबा वाटून खाल्लेली दोन माणसं अशी एका वाक्यात लांब जाताना मी पहिल्यांदा पाहिली.

"मी तासातून पळालो होतो," प्रवीण म्हणाला. "सरांना चॉक आणतो म्हणालो आणि इथे सावलीत उभा राहिलो. बोर्डाला हात लावला नाही. आईशप्पथ."

"काय दिसलं?" गुंजनने विचारलं. तिचा आवाज दगडासारखा होता.

"एक खाच रिकामी. तिच्यावर आपला लाल टॅग लटकत होता. मी म्हटलं, काका काम करताहेत, आणि परत गेलो. मग थोड्या वेळाने पाणी आलं."

टॅग. आम्ही तिघांनी एकदमच बोर्डाकडे पाहिलं. बोर्डावर टॅग नव्हता. पंपघरातही तो कोणाला सापडला नव्हता, सुखरामच्या कपड्यांतही नव्हता.

"म्हणजे बाबूने किटकॅट काढलं, टॅग लावला," गुंजन म्हणाली, एकेक शब्द चाचपत. "मग कोणीतरी टॅग काढला आणि दुसरं किटकॅट बसवलं. आणि टॅग घेऊन गेला."

"टॅग मायाजवळ आहे की," भागाबाई मध्येच म्हणाल्या. त्यांनी झाडूच्या खोलीतल्या खिळ्यावरून एक लाल पट्टी काढून दिली. मी ती हिसकावूनच घेतली. पण पट्टीवर धुळीचा थर होता. प्लांटची ती लालसर काळी धूळ, जी आमच्या भिलाईत वाळत घातलेल्या चादरीवरसुद्धा बसते. बोटाने पुसली तर बोट काळं झालं. सकाळी लावलेल्या टॅगवर दुपारपर्यंत एवढी धूळ बसत नाही.

"हा कधीचा, मावशी?"

"हा त्याच्या आधीचा. हॉलवाला. मागच्या गुरुवारी मिश्रा सरांचा निरोप समारंभ नव्हता का हॉलमधी? मोठ्या बाईनं म्हटलं पंखे पायजे. तं मी टॅग काढला अन् गुलाबराव सरनं बाजारातून नवं किटकॅट आणून हॉलच्या खाचेत लावलं. मले काय समजते त्यातलं? म्या खिळ्याले अडकवून ठेवला, ज्याचा असंन तो मांगंन."

मिश्रा सरांच्या समारंभाला मी होते. पंख्याखालची जागा पकडली होती. मला ती हवा आठवली, आणि त्यासोबत दुसरं काहीतरी आठवू लागलं, जे मला आठवायला नको होतं.

"नुसतं पाहू," प्रवीण म्हणाला. "हात कोणी लावायचा नाही."

आम्ही बोर्डासमोर उभे राहिलो. किटकॅटची रांग, जुनी, तपकिरी, धुळीने माखलेली. तिच्यात एकच पांढरंशुभ्र, ते गुलाबरावांनी हॉलसाठी आणलेलं. मागे कधीतरी व्हरांडा रंगवला तेव्हाचे पिवळ्या डिस्टेंपरचे शिंतोडे बोर्डावर होते. हॉलच्या खाचेवर पिवळा ठिपका होता, पण अर्धाच, चाकूने कापल्यासारखा. त्याचा दुसरा अर्धा भाग त्या नव्या पांढऱ्या किटकॅटवर असणं शक्यच नव्हतं. तो हॉलच्या जुन्या किटकॅटवर असणार.

आणि तो मला दिसला. पंपाच्या खाचेत बसलेल्या किटकॅटवर, काठापर्यंत येऊन तुटलेला पिवळा अर्धा ठिपका.

हॉलचं जुनं किटकॅट पंपाच्या खाचेत होतं. ते इतके दिवस बोर्डावर नव्हतं. ज्याने हॉलची लाइन तोडली होती त्याच्या खिशात होतं. आणि टॅग? चोराला रेक्झिनच्या पट्टीचा काय उपयोग? टॅग काढून सोबत नेणारा माणूस जगात एकच. ज्याला वाटतं की टॅग आपला आहे.

मी पुढे झाले आणि बोर्डाच्या लाकडी कडेवर असा हात ठेवला की तो ठिपका झाकला जाईल.

"काही दिसलं?" प्रवीणने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

५

हॉलच्या पंख्याचं काम समितीने बाबांना सांगितलं होतं. बाबांनी किटकॅट काढून नेलं, टॅग लावला, रेग्युलेटर मिळेना म्हणून काम लांबलं. शनिवारी रेग्युलेटर घेऊन ते शाळेत गेले. "हॉलचा पंखा झाला बा एकदाचा." पण हॉल तर त्याआधीच्या गुरुवारपासूनच चालू होता, माझ्या डोक्यावर पंखा फिरला होता. मग शनिवारी बाबांनी कोणती लाइन चालू केली?

हे कळायला हुशारी लागत नाही, फक्त त्या घरात राहायला लागतं. मी शुक्रवारी गुंजनशी बोलले नाही, शनिवारीही नाही. ती मला काही विचारत नव्हती. मला वाटलं, सुटले.

रविवारी आम्ही विहारात गेलो. दर रविवारी जातो. बाबांचा आवाज मोठा, वंदनेत तोच सगळ्यांना धरून नेतो. पंचशील सुरू झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि बाबांचा आवाज बंद झाला. बाकीचे म्हणत होते. बाबांचे ओठ मिटलेले होते. पाचवं, दारू न पिण्याचं, तेही त्यांनी म्हटलं नाही. मी बाजूला बसून ते पाहिलं आणि मला त्यांची भीती वाटली नाही, कीव आली. ती जास्त वाईट.

परतताना आई तिच्या बहिणीकडे थांबली. बाबांनी स्कूटर तलावाच्या कडेला उभी केली आणि न विचारताच डिक्की उघडली. स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, टेपच्या खाली लाल टॅग होता. स्वच्छ.

"मले बुधवारीच समजलं," ते म्हणाले. "तू जेवताना सांगतलं तेवा. त्याच्या आधी मीबी त्याले दारुडाच म्हणत होतो."

"काय झालं होतं, बाबा?"

"भिंतीवरचं बटन बंद करून रेग्युलेटर बसवला, मंग मी बोर्डापाशी गेलो. एकच खाच रिकामी, अन् तिच्यावर लाल टॅग. खाचेवर कशाचं नाव लिहिलं आहे का तिथं? माया टॅग, मायी खाच. खिशातलं किटकॅट लावलं, टॅग काढला, हॉलमधी गेलो, पंखा चालू केला. फिरला. मी म्हटलं झालं." ते टॅग बोटांत फिरवत होते. "दुसऱ्याचा टॅग आहे असं मनात आलं असतं, तं मी त्याले बोटबी लावलं नसतं, मोनाली. एवढ्या वर्षांत कोणाच्या टॅगले हात नाई लावला. माया समजून काढला."

"यावर धूळ नव्हती."

"पाह्यलं असतं तं दिसलं असतं."

भागाबाईंनी टॅग काढला नसता, गुलाबरावांनी दुसऱ्याचं काम सुरू असताना नवं किटकॅट बसवलं नसतं, तर? मी तसं म्हणाले. बाबांना वाचवायचं म्हणूनच म्हणाले. त्यांनी मान हलवली.

"त्यायनं टॅग काढला ते त्यायले नियम मालूम नाई म्हणून. मी शिकवणारा होतो."

तलावावर बायका कपडे आपटत होत्या. बाबा म्हणाले, "रोज ड्यूटीवर जाताना ठरवतो का आज सांगतो. मंग वाटते केस होईन, नोकरी जाईन, तुयी बारावी आहे. अन् गेट पार करून आत चालला जातो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांगशीन का?"

मला 'हो' म्हणायचं होतं. पुस्तकातली मुलगी म्हणाली असती. मी रडत होते, आणि माझ्या तोंडातून एवढंच आलं, "तिच्या बाकावर बाटलीचं चित्र काढलंय, बाबा."

बाबांनी टॅग खिशात ठेवला आणि स्कूटरला किक मारली.

६

सोमवारी प्रार्थनेला बाबा आले. प्लांटचा गणवेश, पायात सेफ्टी शूज, हेल्मेट काखेत. त्यांच्यासोबत मैनाबाई होती. पहाटेच ते कुरुदला जाऊन आले होते. तिथे काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. बाबा सांगत नाहीत, गुंजनही नाही. एवढंच दिसलं की बाबांच्या शर्टाच्या वरच्या दोन गुंड्या तुटल्या होत्या आणि त्यांनी तो तसाच घातला होता.

गुलाबराव आडवे आले. "नरेशभाऊ, कावून उकरून राहिले? झालं गेलं गंगेला मिळालं."

"गंगेले नाई मिळालं," बाबा म्हणाले. "कुरुदच्या मसणात जळालं."

मोठ्या बाईंनी माइक दिला. बाबा हिंदीत बोलले, थोडकं बोलले. सुखरामने लाइन तोडली होती. टॅग लावला होता. तो प्यालेला नव्हता, बाटलीत रॉकेल होतं. टॅग मी काढला, आपला समजून, न पाहता. लाइन मी चालू केली. "सुखराम ने कोई गलती नहीं की. गलती मेरी है." मग त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं, कारण मागच्या रांगेत कुजबुज होती आणि त्यांना वाटलं ऐकू गेलं नाही. प्रवीण पव्वा घेऊन रांगेतून बाहेर आला आणि तो त्याने मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. गुलाबराव जमिनीकडे पाहत राहिले.

बाबा तिथून सरळ ठाण्यात गेले. केस चालू आहे. प्लांटने त्यांना सस्पेंड केलं आहे. आई शिवणकाम करते आणि माझ्याशी कमी बोलते. तिचा राग कोणावर आहे ते तिलाही ठरवता येत नाही. बाबा मात्र विहारात चौथं शील म्हणतात. आवाज पूर्वीसारखा मोठा नाही.

त्या सोमवारी सगळे वर्गात गेल्यावर मी गुंजनला व्हरांड्यात गाठलं. ती झाडूच्या खोलीबाहेर बसून पांढऱ्या रंगाने टॅगवर नाव लिहीत होती. सुखराम. बाबांनी टॅग तिच्या हातात दिला होता. मी माफी मागायला आले होते.

"मला सगळं आधीच सांगायला हवं होतं," मी म्हणाले. "गुरुवारीच."

"मालूम है," ती मान वर न करता म्हणाली. "गुरुवार को मैंने भी देख लिया था. पीला दाग. तूने हाथ रखा, उसके पहले."

"मग बोलली का नाहीस? चार दिवस?"

तिने दोरी ओवली, गाठ मारली, ओढून पाहिली.

"तेरे घर का टॅग था. जिसका टॅग, वही निकालेगा. तेरे पापा ने ही सिखाया था," ती म्हणाली. "आज तक रुकी थी. आज नहीं निकलता, तो मैं तोड़ देती, सबको बता देती."

तिने उठून टॅग पंपाच्या खाचेवर अडकवला. ती माझ्याशी आता बोलते, पण पूर्वीसारखा माझ्यासोबत डबा वाटून खात नाही. पंपाची लाइन दुसऱ्या बोर्डावर नेली आहे आणि मुलींच्या नळांना पाणी येतं. जुनी खाच रिकामी ठेवली आहे. तिच्यावरचा टॅग कोणी काढत नाही, कारण ज्याचा तो आहे तो काढायला येणार नाही.